एक बूट की दोन? मोकळ्या कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा हिशेब

मैदानाच्या कडेला बाकाखाली एका गृहस्थांनी आपले बूट काढून ठेवले होते आणि ते अनवाणी गवतावर चालत होते. तेवढ्यात एक मोकळा कुत्रा आला. त्याने दोन्ही बूट नीट हुंगले, त्यातला डावा पसंत केला आणि तो तोंडात धरून पळाला. मागून मालकाच्या हाका. हाका म्हणजे मालकही खेळायला आला, अशी कुत्र्याची समजूत, त्यामुळे तो आणखी लांब गेला. दहा मिनिटांनी बूट हाती लागला तेव्हा टाचेचा भुगा झाला होता आणि जीभ लोंबत होती.

मालकाने पाकीट काढलं आणि म्हणाला, "अर्धी किंमत देतो. एकच बूट खाल्लाय ना त्याने?"

तो मालक मीच. तेव्हा मला हा हिशेब अगदी चोख वाटला होता. गृहस्थ चिडले नाहीत. त्यांनी उरलेला उजवा बूट माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मग याचं मी काय करू?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला गेलो आणि लक्षात आलं, की या भांडणाचा निकाल लावण्यात माणसं निदान अडीच हजार वर्षं गुंतलेली आहेत.

कुत्रा चावला की काय करायचं यावर भरपूर बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण मोकळ्या सोडलेल्या पाळीव कुत्र्याकडून रोजच्या रोज जे होतं ते बहुतेक वेळा चावणं नसतं. स्वच्छ कोटावर चिखलाचे दोन पंजे उमटतात. धक्का लागून हातातला फोन उडतो. पोरांचा चेंडू फाटतो. जमिनीवर ठेवलेल्या बॅगेवर कुत्रा निवांत पाय वर करतो. सायकलच्या आडवा येतो, स्वार वाचतो, चाक वाकतं. यात न शोभणारी पण अगदी खरी वस्तू म्हणजे श्रवणयंत्र. त्याला कानातल्या मळाचा वास असतो आणि बरीच कुत्री त्या वासावर जीव टाकतात. एवढीशी वस्तू, एका चाव्यात संपते, आणि नवी घ्यायला गेलं की घाम फुटतो.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा. तिथे मालकच नसतो. इथे बोलायचंय ते मालक असलेल्या, घरी गादीवर झोपणाऱ्या आणि बाहेर दोरी काढून सोडलेल्या कुत्र्याबद्दल.

अपराधी कोण?

सोलोन या प्राचीन अथेन्सच्या कायदेकर्त्याचा एक नियम प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने नोंदवून ठेवलाय. चावलेला कुत्रा तीन हात लांबीचं लाकूड गळ्यात अडकवून ज्याला चावला त्याच्या हवाली करायचा. प्लुटार्कला ही सुरक्षेची युक्ती फार आवडलेली दिसते. पण यात अपराधी कुत्रा आहे. त्यालाच पकडायचं, त्यालाच अडकवायचं.

रोमन लोकांनी इ.स.पू. ४५० च्या सुमारास बारा पट्ट्यांवर कायदा लिहिला. त्यात जनावराने नुकसान केलं तर मालकापुढे दोन वाटा ठेवल्या: नुकसान भरून दे, नाहीतर जनावर देऊन टाक. पुढच्या रोमन विधिज्ञांनी याची सुंदर फोड केली. जनावराला अक्कल नाही, म्हणून ते अन्याय करूच शकत नाही. नुकसान झालंय, पण गुन्हेगार कुणीच नाही. तरीही ज्याचं गेलं त्याला ते परत मिळालं पाहिजे. (हा कायदा आज असता तर त्या बुटवाल्या गृहस्थांना माझा कुत्रा मिळाला असता. त्यांचा उजवा बूटही फार दिवस टिकला नसता.)

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रोममधल्याच एडाइल या अधिकाऱ्यांचा हुकूम. रस्त्यावरची आणि बाजारातली व्यवस्था हे अधिकारी पाहत. त्यांनी सांगितलं, की जिथून लोकांची ये-जा आहे तिथे कुत्रा, रानडुक्कर, लांडगा, अस्वल, सिंह असलं जनावर ठेवायचं नाही. ठेवलं आणि त्याने कुणाच्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर दुप्पट भरपाई. या यादीत सिंहाच्या पंगतीला कुत्रा बसलाय हे वाचून कुत्रेवाल्यांना राग येईल. पण इथे दोष कुत्र्यावरून सरकून माणसावर आला. जनावर काय करतं ते बाजूला राहिलं, आणि त्याला तिथे कुणी आणलं, कसं ठेवलं, हा सवाल पुढे आला. आजचे बहुतेक कायदे या सरकण्यातून आलेले आहेत. बुटाच्या भांडणातही खरी घटना बूट पळवणं नव्हतीच. ती त्याआधी पाच मिनिटं घडली होती. मी वाकून पट्ट्यातली कडी सोडवली होती.

देश तितक्या तऱ्हा

फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेतलं एक छोटंसं कलम आज १२४३ क्रमांकाने ओळखलं जातं. जनावराचा मालक, किंवा जो त्या वेळी ते वापरत असेल तो, त्याने केलेल्या नुकसानीला जबाबदार. जनावर ताब्यात असो, हरवलेलं असो की निसटलेलं. "माझ्या हातून सुटला हो" हे तिथे उत्तरच होत नाही, कारण सुटणं हे कलमातच धरलेलं आहे. मालकाची चूक होती का, हे विचारलंच जात नाही.

जर्मनीची नागरी संहिता १९०० साली अमलात आली. तिच्या ८३३ व्या कलमाचं मूळही तेच. मात्र १९०८ मध्ये त्यात एक भर पडली. जनावर पोटापाण्यासाठी पाळलेलं असेल, म्हणजे मेंढपाळाचा राखणीचा कुत्रा वगैरे, तर आपण योग्य ती काळजी घेतली होती हे दाखवून मालक सुटू शकतो. हौसेने पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाला ही सवलत नाही. यामागचा विचार मला पटतो. जनावर कधी काय करेल याचा नेम नसतो आणि ही बेभरवशाची शक्यता तुम्ही आनंदासाठी समाजात आणलेली आहे. आनंद तुमचा, तर तिचं बिलही तुमचंच.

इंग्रजी परंपरा याहून गुंतागुंतीची आहे, आणि भारतातला दिवाणी नुकसानभरपाईचा विचार तिच्यातूनच आलेला असल्यामुळे तिच्यापाशी जरा थांबायला हवं. जुन्या इंग्रजी कायद्यात गाय शेजाऱ्याच्या शेतात शिरली तर मालक थेट जबाबदार, पण कुत्र्यामांजरांना या नियमातून वगळलेलं. ती भटकणारच, आणि भटकून फारसं बिघडवत नाहीत, असा समज. कुत्र्याच्या मालकाला धरायचं तर त्या विशिष्ट कुत्र्याची वाईट खोड मालकाला आधीपासून माहीत होती हे दाखवावं लागे. म्हणूनच 'प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ' असं लोक म्हणत. ते कायद्याचं वाक्य नव्हतं, पण अर्थ तोच निघायचा.

१९७१ च्या इंग्लंडमधल्या प्राण्यांविषयीच्या कायद्याने हे सगळं नव्याने बांधलं, तरी 'मालकाला माहीत होतं का' हा धागा ठेवला. मात्र कुत्र्याने मेंढ्या-कोंबड्यांसारखी पाळीव जनावरं मारली किंवा जखमी केली, तर माहीत असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही, कुत्रा सांभाळणारा जबाबदार. आणखी एक बारकावा: सोळा वर्षांखालच्या मुलाचा कुत्रा असेल तर घरातला कर्ता माणूसही जबाबदार धरला जातो. "कुत्रा मुलीचा आहे, माझा नाही" असं म्हणणाऱ्या बापांसाठी ही तरतूद केलेली दिसते.

भारतात बरेच लोक भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाकडे बोट दाखवतात. ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर शिक्षा, असं ते कलम आहे खरं. पण त्यातला धोका माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा असावा लागतो. बूट, फोन, कोट त्यात बसत नाहीत. वस्तूंच्या नुकसानीसाठी वाट दिवाणी, आणि तिथे मुख्यतः सिद्ध करायचा असतो तो निष्काळजीपणा.

"काही करत नाही तो"

निष्काळजीपणा हा शब्द शिवीसारखा वाटतो, पण कायद्यात त्याचा अर्थ कोरडा आहे. साधारण समजूतदार माणसाने त्या जागी, त्या वेळी जेवढी काळजी घेतली असती, तेवढी तुम्ही घेतली का? मालकाचं मन किती चांगलं होतं, कुत्रा किती प्रेमळ आहे, याला इथे काडीची किंमत नाही.

मैदानावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "घाबरू नका, काही करत नाही तो." हे वाक्य चावण्याबद्दल असतं आणि बहुधा खरंही असतं. वस्तूंच्या बाबतीत ते गैरलागू आहे. वस्तूंचं नुकसान चावऱ्या कुत्र्यांपेक्षा प्रेमळ कुत्रीच जास्त करतात. अंगावर उडी मारतात ती लाडाने, चेंडू पळवतात तो खेळायला. रिट्रीव्हर जातीची कुत्री तर वस्तू तोंडात धरून आणण्यासाठीच पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेली आहेत. त्यांतल्या एखाद्याने बूट उचलला यात त्याचा स्वभाव बिघडला असं काही नाही, उलट तो अगदी जागेवर आहे.

मग समजूतदार माणसाने काय करायला हवं होतं? माझ्या मते इथे एकच कसोटी खरी उपयोगी पडते: हाक मारल्यावर कुत्रा येतो का? आणि ही कसोटी घरात, बिस्किटाचा डबा वाजवून घ्यायची नसते. समोर चेंडू उडतोय, दुसरा कुत्रा धावतोय, कुणीतरी जमिनीवर जेवायला बसलंय, अशा वेळी पहिल्या हाकेला येतो का? दहापैकी सात वेळा येतो म्हणजे दहापैकी तीन वेळा येत नाही. माझा कुत्रा तेव्हा बहुतेक पाच-पाच होता. अशा कुत्र्यासाठी पाच ते दहा मीटरची लांब दोरी मिळते. तिने त्याला धावता येतं आणि दुसरं टोक आपल्याकडे राहतं. ती माझ्या घरी खुंटीला टांगलेली होती.

आता एक गंमत. कुत्र्याच्या खोडी मालकाला माहीत होत्या का, हे दाखवणं एरवी अवघड. पण मालक स्वतःच ते काम सोपं करून देतात. बूट तुटल्यावर वातावरण हलकं करायला आपण काय म्हणतो? "अहो, तो सगळ्यांचेच बूट पळवतो!" हसत उच्चारलेलं हे वाक्य म्हणजे कबुली आहे. ही सवय तुम्हाला ठाऊक होती, तरी तुम्ही कडी काढली. उलट "आजवर कधीच असं केलं नव्हतं" हे वाक्य मालकाच्या बाजूचं, पण ते एकदाच वापरता येतं. दुसऱ्या बुटाच्या वेळी नाही.

दुसऱ्याच्या कुत्र्याने आपल्या बॅगेवर पाय वर केला की आपल्याला मालकाचे संस्कार आठवतात. आपल्याने केलं की "जनावर आहे हो शेवटी." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दोरी कुणाच्या हातात होती?

नेहमी मालकच सोबत असतो असं नाही. शेजारचा मुलगा फिरवतो, पैसे घेऊन फिरवणारा माणूस असतो, गावाला जाताना कुत्रा मित्राकडे ठेवलेला असतो. फ्रेंच कलमात 'त्या वेळी वापरत असलेला' असा उल्लेख आहे तो यासाठीच. इंग्रजी कायद्यातही मालक आणि प्रत्यक्ष ताबा असलेला, दोघेही सांभाळणारे धरले जातात. थोडक्यात, मित्राचा कुत्रा दोन दिवस सांभाळताना दोरी तुम्ही सोडली, तर "माझा कुत्रा नाही" म्हणून हात वर करता येत नाहीत. आणि मालकाने त्याची खोड तुम्हाला सांगितलीच नसेल, तर तोही सुटत नाही. फिरवायला देताना "हा बूट पळवतो" एवढं सांगणं ही सभ्यता आहेच, शिवाय स्वतःचा बचावही आहे.

दोन मोकळ्या कुत्र्यांनी ओढाओढीत एखादी चटई फाडली तर कुणाचे दात लागले हे शोधणं व्यर्थ. दोन्ही मालकांनी वाटून घ्यावं.

आता बूट

भरपाईचं मूळ तत्त्व एका ओळीत सांगता येतं: नुकसान झालंच नसतं तर तो माणूस ज्या स्थितीत असता, पैशाने शक्य तितकं त्या स्थितीत त्याला आणून ठेवायचं. कमी नाही, आणि जास्तही नाही. सगळ्या घासाघीशी या दोन टोकांच्या मधे होतात.

'कमी नाही' म्हणजे काय, ते उजव्या बुटाने मला शिकवलं. डाव्याशिवाय उजव्याला काही किंमत नाही. गृहस्थांकडे सकाळी घालण्याजोगी एक जोडी होती, आता शून्य जोड्या आहेत. नुकसान वस्तूंच्या संख्येवर नाही, उपयोगावर मोजायचं. म्हणून हिशेब जोडीचा. हाच न्याय सहा कपांच्या संचातला एक फुटला तर लागत नाही, कारण उरलेल्या पाचांत चहा पिता येतो.

'जास्तही नाही' म्हणजे, जोडी नवी नव्हती. समजा असे बूट साधारण तीन वर्षं चालतात आणि ते दोन वर्षं वापरलेले होते. मग सकाळी त्यांच्याकडे एका वर्षाचा वापर शिल्लक होता, आणि गेलाय तो तेवढाच. हिशेब ढोबळमानाने नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं, कारण त्यांना आता पूर्ण पैसे घालून नवेच बूट आणावे लागणार. पण पूर्ण किंमत दिली तर दोन वर्षांची झीज कुत्र्याच्या मालकाने भरून दिल्यासारखं होतं. न्यायालयं आणि विमा कंपन्या बहुतेक वेळा वापरलेल्या वस्तूची त्या वेळची किंमत पाहतात. मोजायची रीत मात्र सगळीकडे सारखी नसते.

वस्तू दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा खर्च, पण तो वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त जात असेल तर किंमत. कोट धुऊन स्वच्छ होत असेल तर धुलाई. इथे मालकांनी रडू नये, आणि समोरच्यानेही चिखलाच्या डागासाठी नवा कोट मागू नये.

जास्त वाद होतो तो महागड्या वस्तूंवर. "जमिनीवर एवढा महागडा कॅमेरा कशाला ठेवायचा?" साधारण नियम असा, की नुकसानीचा प्रकार आधी लक्षात येण्याजोगा असला पाहिजे, तिची रक्कम नेमकी ओळखता यायला हवी असं नाही. १९६१ च्या वॅगन माउंड या जहाजाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या वरिष्ठ अपील न्यायालयाने, प्रकाराबद्दलची ही अट घातली आणि इंग्रजी परंपरेतली न्यायालयं ती आजही वापरतात. मोकळा कुत्रा जमिनीवरची वस्तू तोंडात धरेल हे कुणालाही सुचेल. ती वस्तू स्वस्त निघाली तर मालकाचं नशीब, महाग निघाली तर कमनशीब. याउलट, बूट तुटल्यामुळे गृहस्थ घरी उशिरा पोचले, म्हणून गाडी चुकली, म्हणून व्यवहार फिसकटला, ही साखळी कुत्र्याच्या मालकाच्या गळ्यात सहसा पडत नाही. दुवे फार लांबचे होतात.

आणि आठवणींची किंमत? आजीने विणलेली शाल फाटली तर शालीची किंमत मिळते, आजीची नाही. हे क्रूर आहे, पण ती मोजण्याची फूटपट्टी कुणाकडेच नाही.

समोरच्याचीही चूक असू शकते. कुत्र्याला हातातलं खाणं दाखवून चिडवलं, आणि त्याने बाही फाडली. किंवा खास कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी राखलेल्या कुंपणाच्या आत जाऊन कुणी खाली जेवण मांडलं. अशा वेळी भरपाई चुकीच्या प्रमाणात कमी होते, कधीकधी पूर्णही जाते. पण 'इथे कुत्रे मोकळे सोडण्यास परवानगी' या पाटीचा अर्थ पुष्कळ जण चुकीचा घेतात. ती पाटी दोरी सोडायची मुभा देते, दुसऱ्याच्या वस्तूंची जबाबदारी माफ करत नाही. बाकाखाली नीट ठेवलेले बूट ही तर मुळीच चूक नाही. मी तोही युक्तिवाद मनातल्या मनात करून पाहिला होता.

जागेवर काय करायचं

आधी कुत्र्याला दोरी लावा. मगच बोला. अर्धी भांडणं अशासाठी चिघळतात, की मालक माफी मागत असतो आणि मागे कुत्रा दुसरा बूट घेऊन निघालेला असतो. मग वस्तूचा फोटो, एकमेकांचे नंबर, आणि शक्य असेल तर समोरच्याकडून खरेदीची पावती. ज्याचं नुकसान झालंय त्याने तुटलेली वस्तू लगेच फेकू नये, तोच त्याचा पुरावा.

विमा असेल तर एक अडचण येते. काही ठिकाणी कुत्र्याच्या मालकाला असा विमा घेणं सक्तीचंच आहे, जर्मनीत बर्लिन आणि हाम्बुर्गमध्ये तसं आहे. इतरत्र घराच्या विम्यात तो कधी समाविष्ट असतो. पण बऱ्याच पॉलिसींत अट असते, की कंपनीला कळवण्याआधी जबाबदारी कबूल करायची नाही. आणि आपल्याला तर तिथल्या तिथे "सगळी चूक माझी, सगळं भरून देतो" म्हणावंसं वाटतं. वाईट वाटलं म्हणून सांगणं आणि रक्कम कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ताबडतोब करावी, दुसरी पॉलिसी वाचून. स्वतःच्या घरच्यांच्या वस्तू, किंवा सांभाळायला घेतलेल्या वस्तू, यातून बहुधा वगळलेल्या असतात, हेही तेव्हाच कळतं.

छोट्या नुकसानीसाठी विम्याच्या भानगडीत पडण्यात अर्थ नसतो. मी पडलो नाही. गृहस्थांना दुसऱ्या दिवशी गाठलं आणि बूट किती जुने ते विचारलं. ते म्हणाले दीड वर्ष. आम्ही दोघांनी मिळून अर्धी किंमत ठरवली. म्हणजे आकडा मी पहिल्या दिवशी बोललो होतो तोच निघाला. कारण मात्र साफ वेगळं होतं, आणि तो फरक त्यांना समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. ते हसले.

मग त्यांनी पिशवीतून उजवा बूट काढला. जोडीची भरपाई दिली म्हणजे तिचं जे काही उरलंय ते भरपाई देणाऱ्याचं, हाही जुना नियम आहे, आणि तो त्यांना माझ्याआधी ठाऊक होता. मी बूट घेऊन घरी निघालो. कुत्रा दोरीला होता आणि वाटभर मान वर करून माझ्या हाताकडेच बघत होता.